लेबर रूमच्या दाराला कडी कुणी घातली?

(वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना निसटलेल्या दोन-चार गोष्टी छापताना भरल्या आहेत.)

आयांनो, बहिणींनो, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनो, आणि मुंबई-पुण्याहून सकाळच्या एस्टीने उतरलेल्या दोस्तांनो,

पत्रिकेवर माझ्या नावापुढं कवितावाचन छापलंय. कविता संध्याकाळी वाचीन. आत्ता मला बाळंतपणावर बोलायचंय. मागची पोरं हसली. हसू द्या. गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिकला शाळा सुटलेला बाप्या बाळंतपणावर काय बोलणार? कळा काय असतात ते मला ठाऊक नाही, ते समोर बसलेल्या आयांना ठाऊक. पण आपण नोकरीवर बोलतो, जमिनीवर बोलतो, अत्याचार झाला की मोर्चा काढतो, विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या आधीच्या पिढीने डोकी फोडून घेतली. आणि आपली बाई ज्या खोलीत एकटी पडून ओरडते, त्या खोलीवर एकही ठराव झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

२०२३ आणि २०२४ साली हा सगळा रस्ता टीव्हीच्या गाड्यांनी भरला होता. शेजारी अंतरवाली सराटीत उपोषण, इथं वडीगोद्रीत उपोषण. अख्ख्या महाराष्ट्राला ह्या गावाचं नाव पाठ झालं. त्याच रस्त्यावरनं रात्री-अपरात्री कळा देणाऱ्या बायांच्या जीपगाड्या अंबडला, जालन्याला जात होत्या. एकाही कॅमेऱ्याने एकाही गाडीच्या मागं जाऊन पाहिलं नाही.

माझ्या बहिणीचं सांगतो. तिला विचारून सांगतो. गावाचं नाव, दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण भांडण एका दवाखान्याशी नाही. पहिलटकरीण. वय एकवीस. दिवस भरलेले. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात म्हणाले, आज डॉक्टर नाही, पुढं न्या. म्हणून खाजगीत नेलं. आई सोबत होती. तिला दाराशी थांबवलं. नातेवाइकांनी बाहेर बसा. आतनं कडी लागली.

आत बहीण टेबलावर उताणी. हाताला सलाईन, सलाईनमध्ये कळा वाढवायचं औषध. उठायचं नाही, कूस बदलायची नाही, पाणी मागायचं नाही. ओरडली तर मावशी म्हणते, "आता वरडतीस, तवा ग्वाड लागलं व्हय?" हे वाक्य किंवा ह्याचं भावंड असलेलं वाक्य ज्या बाईने लेबर रूममध्ये ऐकलं नाही तिने हात वर करावा.

(एकही हात वर झाला नाही. हे छापताना लिहून ठेवतो.)

रात्री दोन वाजता दार उघडलं. बाळाचे ठोके कमी झालेत, सिझर करावं लागेल, इथं सही करा. आईने अंगठा दिला. पोरगी झाली, ठणठणीत झाली, जन्मतःच असा टाहो फोडला की बाहेर ऐकू आला. बिल अडतीस हजार. भावजींनी मुकादमाकडनं उचल घेतली. टाके भरून चार महिने होतात न होतात तोच बहीण ते पोर पाठीशी बांधून नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायचं असतं. पोटाला टाके असलेल्या बाईला ते कसं जमलं हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, दादा, जमत नव्हतं, केलं.

आता माझं म्हणणं नीट ऐका. ते सिझर उगाच केलं असं मी म्हणत नाही. लागलंही असेल. ठोके खरंच पडले असतील. पण सात-आठ तासांत कुणी किती वेळा ठोके ऐकले, पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, सुरीच्या आधी दुसरं काय करून पाहिलं, ह्याचा एक कागद आमच्या हाती दिला नाही. गोदीत माल उतरताना एक पेटी फुटली तर टॅली क्लार्क लिहून ठेवतो, कुठली हॅच, किती वाजता, कुठली टोळी कामावर होती. माझ्या बहिणीचं पोट उघडलं त्याची तेवढीसुद्धा नोंद आम्हाला मिळाली नाही. एक गोष्ट मात्र आम्हाला पक्की ठाऊक आहे. त्या रात्री तिच्या पाठीवर कुणाचा हात नव्हता. आणि पाठीवर हात असण्या-नसण्याचा सुरीशी संबंध आहे. तेवढंच सांगायला मी उभा आहे.

थोडे आकडे ऐकून घ्या. हे सरकारचेच आहेत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे. १९९२-९३ साली देशात शंभर बाळंतपणांत तीनसुद्धा सिझर नव्हते. २००५-०६ साली साडेआठ झाले. २०१५-१६ साली सतरा. २०१९-२१ साली साडेएकवीस. आपल्या महाराष्ट्रात त्याच पाच वर्षांत २० वरनं २५ वर गेले. आता त्यातलीच दुसरी वाटणी ऐका. २०१९-२१ साली देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरात १४, खाजगीत ४७. आणि नांदेडच्या पलीकडं तेलंगणात तर सगळे मिळून ६०, आणि तिथल्या खाजगी दवाखान्यांत ८१. म्हणजे तिथं खाजगीत सरळ बाळंत होणारी बाई शोधावी लागते.

एका पिढीत बाईच्या कमरेचं हाड बदलत नाही. हो, काही कारणं खरी आहेत. पहिलं सिझर झालं की पुढचंही बहुतेक सिझरच होतं. रक्तदाब, साखर, उशिराचं बाळंतपण हे वाढलंय. पण १४ आणि ४७ ह्यातला फरक ह्या कारणांनी भरून निघत नाही. उलट रात्री बारा वाजता अडलेली, झटके येणारी, रक्त जाणारी बाई शेवटी सरकारी मोठ्या दवाखान्यातच ढकलली जाते. अवघड बाया सरकारीत जास्त, आणि सुरी खाजगीत जास्त. हा हिशेब मॅट्रिकवाल्यालाही कळतो.

डॉक्टर सगळे राक्षस आहेत असं माझं म्हणणं नाही. एका डॉक्टरच्या मागं दहा खाटा, कर्जावर बांधलेली इमारत, रात्रीची झोप नाही. सरळ बाळंतपणाला बारा-पंधरा तास बसावं लागतं, सिझर तासाभरात उरकतं आणि पैसेही जास्त मिळतात. वर काही बिघडलं तर नातेवाईक काचा फोडायला तयार. अशा माणसाच्या हातात सुरी लवकर येते. पण व्यवस्थाच अशी असेल तर व्यवस्थेला धरा ना! तिचा भुर्दंड बाईच्या पोटाने का भरायचा?

आणि दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. 'सिझर मुर्दाबाद' ही घोषणा मी देणार नाही, कुणी दिली तर मी तिच्यात आवाज मिसळणार नाही. मूल आडवं असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, तर सिझर हाच जीव. आपल्यातल्या किती बाया ते न मिळाल्यामुळं बैलगाडीत गेल्या ह्याची मोजदाद कुणी केली नाही. बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची गोष्ट नोंदवून ठेवलीय. १२ डिसेंबर १९२९ च्या यंग इंडियात ती छापून आली होती. त्याची बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मिनतवाऱ्या करून, फी ठरवून आला तो वस्तीच्या बाहेर थांबला. बाळंतिणीला बाहेर आणवलं. थर्मामीटर त्याने एका मुसलमान पोराच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला लावलं. परत त्याच वाटेने थर्मामीटर डॉक्टरकडं. तिची नाडी कुणी हातात धरली नाही. ती मेली. तेव्हा हात लावायचा नव्हता म्हणून मेली. आता सुरीपुरता हात लागतो, धीर द्यायला लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना १९८५ पासून सांगत आली की शंभरात दहा-पंधरापेक्षा जास्त सिझरची कुठल्याच मुलखाला गरज दिसत नाही. २०१५ साली तिने पुन्हा तपासून सांगितलं की दहाच्या वर गेल्याने आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. हे सगळ्या मुलखाचं माप आहे. एकेका बाईला गरज असेल तर सिझर झालंच पाहिजे, हेही तिनेच सांगितलंय.

मग गरज नसलेली सुरी थांबवायची कशी? इथं मी पाठीवरच्या हाताकडं येतो.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात गरिबांचा एक सरकारी दवाखाना होता. तिथंही आपल्यासारखंच, बाई आत, घरचे बाहेर. केनेल आणि क्लाउस ह्या डॉक्टरांनी तिथं ४१२ पहिलटकरणींवर एक पाहणी केली, १९९१ साली ती छापली. काही बायांजवळ कळा सुरू झाल्यापासून मूल होईपर्यंत एक बाई बसवली. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, थोड्या दिवसांचं शिक्षण दिलेली साधी बाई. पाठ चोळायची, हात धरायची, आता काय होतंय ते सांगायची. काही बायांच्या खोलीत एक बाई नुसती लांब बसून नोंदी करायची, बोलायची नाही, शिवायची नाही. उरलेल्या बाया नेहमीसारख्या एकट्या. एकट्या बायांत शंभरात १८ सिझर झाले. नुसती कुणीतरी खोलीत बसलेली होती तिथं १३. आणि हात धरणारी होती तिथं ८. दवाखाना तोच, डॉक्टर तेच, सुरी तीच.

एका दवाखान्यावर विश्वास ठेवू नका म्हणाल तर ठेवू नका. २०१७ साली अशा २६ पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, १७ देशांतल्या, पंधरा हजारांवर बाया. सतत सोबत असलेल्या बायांत सिझर साधारण पाव हिश्श्याने कमी झाले, कळांचा वेळ कमी झाला, बाळंतपण वाईट गेलं असं म्हणणाऱ्याही कमी निघाल्या. सोबतीने नुकसान झाल्याचं काही सापडलं नाही. एवढं स्वस्त औषध एखाद्या कंपनीने बाटलीत भरून विकलं असतं तर गावोगावी त्याच्या जाहिराती लागल्या असत्या.

ह्यात जादू काही नाही. बाई भ्याली की अंगात भीतीचा रस सुटतो आणि त्याने कळा मंदावतात. रात्री शेतात जनावर विताना कुत्रं भुंकलं तर गाय कळा आवरते, हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. कळा मंदावल्या की औषध वाढवायचं, औषध वाढवलं की कळा इतक्या जोरात येतात की बाळाला दम घ्यायला फुरसत नाही, त्याचे ठोके पडतात, ठोके पडले की सुरी. पुष्कळदा साखळी अशी चालते, आणि तिची पहिली कडी म्हणजे भीती. सोबतीण असली की बाई उठून चालते, भिंतीला हात टेकते, वाकते, घोटभर पाणी पिते. उभ्याने, फिरत्याने कळा दिल्या तर वेळ कमी लागतो, हेही तपासलेलं आहे. उताणं झोपवणं सोयीचं आहे ते तपासणाऱ्याच्या. आणि पिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, नाही उघडलं की उशीर झाला, हा जुना हिशेब २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच मोडीत काढला. पाच सेंटीमीटर उघडल्यावर खऱ्या कळा धरा, त्यानंतरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात, आई-बाळ ठीक असेल तर थांबा, असं तिनं सांगितलं. थांबायचं कुणी? थांबायला माणूस लागतं.

पोलादाची कॉइल जहाजाच्या पोटातनं वर निघते तेव्हा हॅचच्या तोंडाशी एक गडी उभा असतो. तो ओझं उचलत नाही. खालच्यांना दिसत नाही ते त्याला दिसतं आणि वरच्या क्रेनवाल्याला तो हाताने खूण करतो, हळू, थांब, घे. नवा ठेकेदार त्याला फुकट खाणारा म्हणतो. तो नसला की काय होतं ते आमच्या टोळीला विचारा.

माझी आजी सुईण होती, ह्याच पट्ट्यातली. मराठवाड्यात हे काम पुष्कळ ठिकाणी मांगिणीच्या, महारणीच्या वाट्याला आलेलं. का? नाळ कापायची म्हणजे विटाळ. रक्त, वार, घाण, ते उचलणारी हलक्या जातीचीच पाहिजे. ज्या वाड्यात दिवसा तिची सावली चालत नव्हती त्या वाड्यात ती रात्री मागच्या दाराने शिरायची, आणि घरधनिणीच्या कमरेला मिठी मारून बसायची. मूल तिच्या हातात पडायचं. पहिला स्पर्श आमच्या आजीचा. मग तिला जुनं लुगडं, पायलीभर ज्वारी मिळायची, आणि ती वळली की मागं गोमूत्र शिंपडायचे. आज ज्यांच्या नावापुढं पाटील लागतं त्यांतले कितीजण माझ्या आजीने ह्या जगात ओढून घेतले ते त्यांना ठाऊक नाही.

पण सुईणीचे गोडवे गाणारे शहरातले लोकही मला खपत नाहीत. घरी बाळंत व्हा, निसर्ग, पूर्वीच्या बाया कशा! पूर्वीच्या बाया मरत होत्या बाबांनो. विळ्याने, मिळेल त्या पात्याने नाळ कापली की पोर धनुर्वाताने जायचं. वार अडकली, रक्त सुटलं की आजीपुढं उपाय नसायचा. ती रात्रभर रडायची हे आईने सांगितलंय. दवाखान्याने माणसं वाचवलीत. २००१-०३ साली महाराष्ट्रात एक लाख बाळंतपणांमागं १४९ आया मरत होत्या, २०१८-२० साली ३३. हा फरक दवाखान्याचा, रक्तपेढीचा, गाडीचा आणि आशाताईच्या पायपिटीचाही आहे. २००५ पासून सरकारने सांगितलं, घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या. आल्या बाया. आज आपल्या राज्यात शंभरातल्या ९४ वर बाया दवाखान्यात बाळंत होतात. त्या आल्या आणि आपण दार लावून घेतलं. आजीचा हात आत येऊ दिला नाही, आणि आजीच्या जागी दुसरा हात ठेवलाही नाही.

गंमत पुढंच आहे. तोच हात आता मुंबईत, पुण्यात पैसे मोजून मिळतो. त्याला डूला म्हणतात. पैसेवाल्या घरची बाई दवाखान्यात जाताना तिच्यासोबत ही डूला जाते, पाठ चोळते, धीर देते, आणि चांगली फी घेते. घ्यावी, कामाचा दाम घ्यावाच. पण हा शब्द कुठला ठाऊक आहे? ग्रीक भाषेतला. अर्थ, दासी. म्हणजे शब्दसुद्धा त्यांनी आमच्या आजीच्याच जातीचा शोधला. फक्त आमच्या वस्तीतल्या बाईला तो परवडत नाही.

ही मागणी काही आज उगवलेली नाही. १८६३ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवा तिथं येऊन बाळंत व्हायच्या. कडी होती, ती आतल्या बाईला गावाच्या नजरेपासून वाचवायला. आणि आत सावित्रीबाई होती. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा तिथं बाळंत झाली, तिचा मुलगा ह्या दोघांनी १८७४ साली दत्तक घेतला, यशवंत, पुढं डॉक्टर झाला. माळ्याच्या घरातली बाई ब्राह्मणिणीचं बाळंतपण करते, हे त्या काळात. आणि २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाईला आधी आणि नंतर विश्रांती मिळाली पाहिजे, त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली तो कायदा झाला. माझ्या बहिणीला चार महिन्यांत उसाच्या फडात का जावं लागलं, ह्याचं उत्तर इथं आहे. तोडणीवाल्या बाईचा मालक कोण हेच अजून ठरलेलं नाही. कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. खाडा झाला की दंड मात्र बरोबर कापला जातो.

गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. तिथं २०१९ साली सरकारनेच पाहणी केली. ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायांत १३ हजार ८०० च्या वर बायांची पिशवी काढलेली निघाली. कुणाला अंगावरनं जातं म्हणून, कुणाला कॅन्सर होईल म्हणून भीती घालून. मी हे बाळंतपणाच्या भाषणात आणतोय कारण दोन्हीकडं एकच रीत आहे. बाईला भ्याडवायचं, कागद पुढं करायचा, अंगठा घ्यायचा, आणि उचल घ्यायला मुकादम दारातच उभा. ज्या बाईच्या शेजारी विचारणारं माणूस असतं तिच्यावर ही रीत चालवणं जड जातं.

आता जामखेडचं ऐका, ते लांब नाही. १९७० साली राज आणि मेबल आरोळे ह्या डॉक्टर जोडप्याने तिथं काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या, पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित. त्यांना शिकवलं. हात कसे धुवायचे, नाळ कशी स्वच्छ कापायची, कुठली बाई अवघड आहे आणि तिला वेळेत कशी पुढं पाठवायची. जवळके गावच्या सरूबाई साळवेंचं नाव तर परदेशी मासिकात छापून आलं, पाचशेहून जास्त बाळंतपणं त्यांनी केली होती. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे मिळाला. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथं आजीचा हात फेकून दिला नाही, तो साबणाने धुतला आणि डॉक्टरच्या हाताला जोडला. आणि तेलंगणा, जिथं साठ टक्के सिझर, तिथल्या सरकारनेही २०१७ पासून करीमनगरात नर्सबायांना सुईणपणाचं खास शिक्षण द्यायला सुरुवात केली. २०१८ साली केंद्र सरकारने देशभरासाठी तसं धोरण जाहीर केलं. धोरण आपल्या उपकेंद्रापर्यंत कधी पोचतं ते आपल्या रेट्यावर आहे.

आता कामाचं. पोरांनो, हे लिहून घ्या.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सगळ्या राज्यांना कळवलं की सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत तिच्या पसंतीची एक बाई आत राहू शकते. ती स्वतः बाळंतपणातनं गेलेली असावी, तिला सांसर्गिक रोग नसावा, स्वच्छ कपडे असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, डॉक्टर-नर्सच्या कामात तिने लुडबूड करू नये. जिथं आडोसा आहे तिथं नवराही चालतो. डिसेंबर २०१७ मध्ये लक्ष्य नावाची योजना आली, लेबर रूम सुधारायची, तिच्यातही सोबतीण आणि पडदा ह्या गोष्टी आहेत. म्हणजे माझी आई दाराशी थांबवली जाते ते सरकारी दवाखान्यात झालं तर सरकारच्याच कागदाविरुद्ध आहे. शिवाय जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यातलं सिझरसुद्धा फुकट आहे. औषध, रक्त, तपासण्या, न्यायची-आणायची गाडी फुकट, आणि सिझर झालं तर सात दिवस जेवण. कुणी हातमोजे बाहेरनं आणा म्हणालं तर पावती मागा.

खाजगी दवाखान्यांना २०२१ च्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. आपली मागणी आहे की त्याच भिंतीवर आणखी एक पाटी लागावी. गेल्या वर्षी किती बाळंतपणं, त्यांत किती सिझर, त्यांत पहिलटकरणी किती. आयर्लंडच्या रॉबसन डॉक्टरने २००१ साली बाळंतिणींची दहा गटांत वाटणी करायची सोपी रीत दाखवली, ती जगभर चालते. कुठल्या गटात सुरी जास्त चालली ते तिच्यात लगेच दिसतं. ज्या डॉक्टरचं काम चोख आहे त्याला ह्या पाटीची भीती नाही, उलट त्याचा फायदाच आहे.

पण पाटी लागेपर्यंत थांबायचं नाही. वस्तीत कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यातच ठरवायचं, आत कोण जाणार. आई, सासू, जाऊ, नणंद, शेजारीण, ते त्या बाईने ठरवायचं, घरच्या बाप्यांनी नाही. जी जाणार तिला आशाताईंनी एकदा समोर बसवून सांगायचं, कमरेला कुठं दाबायचं, बाईला फिरवायचं कसं, पाणी कधी द्यायचं. आणि कशाला घाबरायचं तेही, म्हणजे रक्त जायला लागलं, झटके आले, पाणी हिरवं गेलं, तर हात चोळत बसायचं नाही, सिस्टरला ओढून आणायचं. सोबतिणीने डॉक्टर व्हायचं नाही. दाराशी अडवलं तर मावशीच्या अंगावर जायचं नाही, ती बिचारी आपल्यासारखीच ठेक्यावर बारा तास उभी असते. २०१६ चा कागद दाखवायचा आणि नकार लेखी मागायचा. सिझर करायचं म्हणाले तर तीन गोष्टी विचारायच्या. कशामुळं? थांबलं तर काय होईल? दुसरं काही करून पाहिलंत का? बाळाच्या जिवाची खरीच घाई असेल तर डॉक्टर ते दोन वाक्यांत सांगेल, आणि मग अंगठा द्यायला क्षणाचाही उशीर करायचा नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि जिल्हा शल्यचिकित्सकाला द्यायचा अर्ज तयार आहे. त्यात चार मागण्या आहेत. प्रत्येक सरकारी लेबर रूममध्ये सोबतिणीला प्रवेश आणि तसा फलक दारावर, दोन खाटांमध्ये पडदा, रात्रपाळीला शिकलेली नर्स, आणि सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या हातात कारण लिहिलेला कागद. अर्ज त्या पेटीवर ठेवलाय, शाईचा डबा शेजारी आहे. सही येते त्यांनी सही करा, नाही येत त्यांनी अंगठा द्या. आज पहिल्यांदा आधी वाचून घेऊन मग अंगठा द्या, पोरं वाचून दाखवतील. अर्ज द्यायला जीप सोमवारी सकाळी आठला पारापासनं निघेल. बाप्यांनी मागं बसायचं, पुढच्या सीटा बायांच्या.

जयभीम.